मानांकनातील ‘मान’



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांनी मला तीन वर्षे गणित शिकविले. त्या तीन वर्षांत त्यांना माझ्यापायी जो मनस्ताप झाला, तो येथे बसलेल्या माझ्या वर्गबंधूंना चांगला ठाऊक आहे. सारा जन्म मराठी शिकविण्यात घालविलेल्या माणसाने सरांच्या स्मृतिव्याख्यानात आकडेमोड करावी, हे त्यांना कितपत रुचले असते कोण जाणे. परंतु विषय बुद्धिबळाचा आहे. आणि शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात सर पट मांडून बसत, तेथे मात्र मी त्यांचा आवडता विद्यार्थी होतो. निदान काही काळ होतो.

विषयाचे निमित्त घरातलेच आहे. माझी नात बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळते. गेल्या वर्षी, ती चौदा वर्षांची असताना, एका खुल्या स्पर्धेत तिची गाठ एका मध्यमवयीन अभियंत्याशी पडली. तिचे मानांकन १६०० आणि त्या गृहस्थांचे १८००. चार तासांच्या झुंजीनंतर डाव तिने जिंकला. रात्री तिने हिशेब करून मला दाखविला: तिला ३०.४ गुण मिळणार होते आणि त्या गृहस्थांचे १५.२ गुण जाणार होते. मी इंदूरच्या सराफ्याजवळ लहानाचा मोठा झालेला माणूस. एकाच्या हातून जेवढे गेले तेवढेच दुसऱ्याच्या पदरात पडले पाहिजे, एवढा व्यवहार मला गणितात नापास होत असतानाही कळत होता. मी तिला विचारले, ‘‘उरलेले १५.२ आले कोठून?’’ तिने खांदे उडविले आणि ती झोपायला गेली. मी मात्र त्या प्रश्नापाशी अडकलो, आणि पुढे कित्येक रात्री अडकून राहिलो.

प्रथम शब्दाकडे पाहू, कारण ती माझी जुनी खोड आहे. इंग्रजीतील रेटिंगसाठी आपली वृत्तपत्रे ‘मानांकन’ हा शब्द वापरतात. शब्द सुटसुटीत आहे, पण दुतोंडी आहे. संस्कृतात ‘मान’ हे एकसारखे दिसणारे दोन शब्द आहेत. एक ‘मन्’ धातूपासून आलेला: मानमरातब, सन्मान, अभिमान यांतला. दुसरा ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून आलेला: तापमान, परिमाण, प्रमाण आणि अनुमान यांतला. आपण मानांकन म्हणतो तेव्हा कानाला पहिला मान ऐकू येतो, आणि म्हणून गुण गेले की मान गेल्यासारखे वाटते. ज्याने ही पद्धत रचली त्याच्या मनात केवळ दुसरा मान होता. मानांकनाचे खरे नाते सन्मानाशी नाही, अनुमानाशी आहे. आज मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच. पण ते पटायचे तर आकड्यांतून जावे लागेल.

पद्धत रचणाऱ्याचे नाव अर्पाद एलो. ‘एलो’ ही कसली तरी आद्याक्षरे असावीत असे अनेकांना वाटते. ते एका सद्गृहस्थाचे आडनाव आहे. १९०३ साली हंगेरीत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेला आणि पुढे मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. स्वतः विस्कॉन्सिन राज्याचा अनेकदा विजेता. अमेरिकन बुद्धिबळ संघटनेत तेव्हा केनेथ हार्कनेस यांची गुणपद्धती चालू होती. ती कामचलाऊ होती आणि कधीकधी विचित्र निकाल देत असे. एलोंनी तिच्या जागी संख्याशास्त्राचा पाया असलेली पद्धत मांडली. १९६० मध्ये ती अमेरिकेत आणि १९७० मध्ये फिडे या जागतिक संघटनेने स्वीकारली. एलो १९९२ मध्ये निवर्तले. आज त्यांचे नाव बुद्धिबळाबाहेरही पोहोचले आहे; २०१८ पासून पुरुषांच्या फुटबॉल संघांची जागतिक क्रमवारी त्यांच्याच कल्पनेवर बेतलेली आहे.

त्यांच्या विचाराची सुरुवात एका साध्या निरीक्षणातून होते. कोणताही खेळाडू रोज सारखा खेळत नाही. आज त्याला सगळे दिसते, उद्या तो वजीर हकनाक घालवून बसतो. गवयाचा आवाज एखादे दिवशी लागत नाही, तसेच हे. परंतु या चढउतारांच्या मध्ये एक सरासरी असते, आणि खेळ बहुतेक वेळा त्या सरासरीच्या आसपास राहतो. फार वर किंवा फार खाली क्वचितच जातो. ही सरासरी आपल्याला प्रत्यक्ष दिसत नाही. दिसतो तो केवळ निकाल: जय, पराजय किंवा बरोबरी. तर मग निकालांवरून त्या न दिसणाऱ्या सरासरीचे अनुमान कसे करावे?

एलोंनी केले ते असे. दोन खेळाडूंच्या मानांकनांतील फरकावरून निकालाचे आधीच भाकीत करायचे. जयाला एक गुण, बरोबरीला अर्धा, पराजयाला शून्य. दोघांचे मानांकन सारखे असेल तर प्रत्येकाकडून अपेक्षा अर्ध्या गुणाची. फरक १०० चा असेल तर बलवानाकडून ०.६४ ची, २०० चा असेल तर ०.७६ ची, ३०० चा असेल तर ०.८५ ची. फरक ४०० चा झाला की बलवानाचे पारडे दहास एक असे जड होते, म्हणजे अकरा गुणांपैकी दहा त्याचे आणि एक दुबळ्याचा, अपेक्षा ०.९१. फिडेच्या छापील कोष्टकात येथे ०.९२ आढळेल. कोष्टक वेगळ्या वक्रावरून काढलेले आहे आणि संगणकावरचे सूत्र वेगळ्या, एवढाच तो भेद. आणि ०.७६ म्हणजे शंभरांत शहात्तर विजय असेही समजू नये. बरोबऱ्या अर्ध्या-अर्ध्या धरून होणारी ती बेरीज आहे.

हे भाकीत झाले. आता डाव होतो. भाकीत आणि निकाल यांत जेवढे अंतर पडले असेल, त्याच्या प्रमाणात मानांकन दुरुस्त करायचे. सारे सूत्र एका ओळीचे आहे:

नवे मानांकन = जुने मानांकन + गुणक × (प्रत्यक्ष गुण − अपेक्षित गुण)

माझ्या नातीकडून २०० गुणांनी वरच्या खेळाडूविरुद्ध अपेक्षा होती ०.२४ ची. तिने मिळविला १. अंतर ०.७६. त्या अभियंत्याकडून अपेक्षा ०.७६ ची, पदरात पडले शून्य. अंतर तेच, चिन्ह उलट. समजा, डाव बरोबरीत सुटला असता, तर तिला अर्धा मिळूनही तिचे मानांकन वाढले असते आणि त्यांना अर्धा मिळूनही त्यांचे उतरले असते. ‘मी हरलो नाही, तरी माझे गुण का गेले?’ ही तक्रार बुद्धिबळाच्या प्रत्येक स्पर्धेत ऐकू येते. उत्तर इतकेच, की गुण हरण्याबद्दल जात नाहीत. तुमच्याविषयीचे अनुमान थोडे चढे ठरले, ते खाली आणले गेले.

याचे एक ठळक उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुख हिचे. २०२५ च्या जुलैत बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिची गाठ कोनेरू हंपी हिच्याशी पडली. दोघींच्या मानांकनांत ८० गुणांचा फरक होता, म्हणजे दिव्याकडून दर डावाला ०.३९ ची अपेक्षा. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि नंतरच्या जलद डावांत दिव्याने बाजी मारली. विश्वचषक तिचा झाला, आणि त्या विजयाबरोबर ग्रँडमास्टर ही पदवीही. पण दीर्घ डावांच्या यादीत जलद डाव धरले जात नाहीत. त्या दोन बरोबऱ्यांचे तिला मिळाले किती? प्रत्येकी ०.११ गुणिले दहा. दोन्ही मिळून २.२ गुण. सारा महाराष्ट्र पेढे वाटत होता आणि गणित म्हणत होते: अपेक्षेपेक्षा किंचित बरे.

आता गुणक. वरच्या हिशेबात दिव्यासाठी दहाने गुणले, आणि हंपीलाही तोच गुणक लागू असल्यामुळे तिचे २.२ गेले, देणेघेणे तंतोतंत जुळले. पण हा गुणक सर्वांना एक नसतो. फिडेच्या नियमाप्रमाणे नव्या खेळाडूला पहिले तीस डाव पूर्ण होईपर्यंत ४०. अठरा वर्षांचे होईपर्यंतच्या मुलांनाही, मानांकन २३०० च्या खाली असेतो, ४०. इतरांना २४०० गाठेपर्यंत २०. आणि एकदा २४०० गाठले की कायमचा १०. माझ्या नातीचा गुणक ४०, अभियंत्याचा २०. चाळीस गुणिले ०.७६ म्हणजे ३०.४, वीस गुणिले ०.७६ म्हणजे १५.२. माझ्या प्रश्नाचे अंकगणित येथे संपले. पण उत्तर मिळाले असे मला वाटेना. नियम आहे हे खरे. पण असा का?

पुष्कळ विचारान्ती लक्षात आले, की गुणक म्हणजे पद्धतीने स्वतःला विचारलेला एक प्रश्न आहे: या माणसाविषयी माझे अनुमान चुकीचे असण्याचा संभव किती? चाळिशीतला गृहस्थ गेली पंधरा वर्षे अठराशेच्या आसपास खेळतो आहे. एका डावात तो एका मुलीकडून हरला, म्हणून त्याच्याविषयीचे मत फारसे बदलण्याचे कारण नाही. मुलीचे तसे नाही. मुले महिन्यामहिन्याने वाढतात. तिचा १६०० हा आकडा गेल्या हंगामातला, आणि गेल्या हंगामातला सदरा तिला आज आखूड होतो. म्हणून तिच्याबाबत मोठे पाऊल. अशी सोय नसती तर काय झाले असते तेही पाहा. प्रत्येक होतकरू मूल आपले गुण प्रौढांकडून ओरबाडूनच वर गेले असते. प्रौढ पूर्वीइतकेच चांगले खेळत असूनही वर्षानुवर्षे खाली घसरत राहिले असते. ते १५.२ गुण कोणाच्या खिशातून आलेले नाहीत. मुलगी वाढली, त्या वाढीचे ते माप आहे. सराफ्याचा हिशेब येथे लागू पडत नाही, कारण गुण हे नाणे नव्हेच.

अर्थात सोय करूनही घसरण पुरती टळली नाही. खालच्या पातळीवरचे आकडे इतके उतरले होते, की १ मार्च २०२४ रोजी फिडेला एक मोठी दुरुस्ती करावी लागली. २००० च्या खालच्या प्रत्येक खेळाडूला, तो दोन हजारांपासून जितका दूर होता त्या अंतराच्या चाळीस टक्के गुण एकदम देण्यात आले. १६०० चे १७६० झाले, १००० चे १४००. आणि यादीचा तळही १००० वरून १४०० वर आला. एका रात्रीत हजारो लोकांचे मानांकन वाढले आणि खेळ कोणाचाही सुधारला नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी त्याबद्दल घरी श्रीखंड केले. त्यांचा आनंद मी हिरावून घेतला नाही, श्रीखंडही सोडले नाही.

यावरून दुसरी एक गोष्ट ध्यानात येते. एखाद्याचा आकडा एकटा असता काहीच सांगत नाही. अर्थ असतो तो दोन आकड्यांमधील अंतराला, आणि तोही ते दोघे एकाच पाणवठ्यावरचे असतील तरच. क्लॉड ब्लडगुड नावाचा एक जन्मठेपेचा कैदी व्हर्जिनियाच्या तुरुंगात बुद्धिबळ खेळत असे. खेळायला मिळत ते फक्त सहकैदी. सतत जिंकत राहिल्यामुळे १९९६ च्या सुमारास त्याचे मानांकन २७५९ वर गेले आणि अमेरिकेच्या यादीत तो दुसरा आला! तो वाईट खेळाडू नव्हता, पण अमेरिकेतला दुसरा खासच नव्हता. भिंतीच्या आत गुण फिरत राहिले आणि बाहेरच्या जगाशी त्यांची तुलना करणारा एकही डाव झाला नाही. शाळेतल्या पहिल्या नंबराचे जे होते, तेच हे. पण त्याकडे मी नंतर येतो.

याच कारणाने संगणकावरील संकेतस्थळांचे आकडे फिडेच्या आकड्यांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. लिचेसवर प्रत्येक नवागत १५०० पासून सुरुवात करतो. चेस डॉट कॉमवरचा समुदाय निराळा. आणि प्रत्येक ठिकाणी अतिजलद, जलद व संथ डावांची खाती निरनिराळी. चांदवड रुपया आणि कंपनी रुपया एकाच नावाचे होते म्हणून एकाच मोलाचे नव्हते.

पण संकेतस्थळांची गंमत यापुढे आहे. २०२० च्या टाळेबंदीत माझे पटावरचे सोबती घराघरांत अडकले, त्यांतले दोघे पुढे परतलेच नाहीत. त्या काळात नातीने मला संगणकावर खेळायला बसविले. पहिलाच डाव मी हरलो आणि दीडशेहून अधिक गुण एका फटक्यात गेले. माझा प्रतिस्पर्धी मात्र पाच-सहा गुणांनीच वर सरकला. फिडेच्या व्यवहारात निदान दुप्पट-निमपटीचे नाते होते; येथे काहीच ताळमेळ दिसेना.

येथे एलोंच्या पुढचे पाऊल पडलेले आहे. ते टाकणारे मार्क ग्लिकमन हे संख्याशास्त्रज्ञ. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले. १९९५ मध्ये त्यांनी ग्लिको ही पद्धत मांडली. आज चेस डॉट कॉम ती वापरते आणि लिचेस तिची सुधारलेली आवृत्ती. एलोंच्या पद्धतीत खेळाडूच्या नावापुढे एक आकडा असतो. ग्लिकमन यांनी दोन ठेवले. पहिला मानांकनाचा, आणि दुसरा त्या मानांकनावर किती विश्वास ठेवावा याचा. या दुसऱ्या आकड्याला आपण संशयांक म्हणू. संशयांक ५० असेल तर खेळाडूचे बळ बऱ्यापैकी निश्चित झालेले आहे. ३५० असेल तर त्याच्याविषयी जवळजवळ काहीच माहिती नाही. थोडक्यात, फिडे जे काम तीन ठरावीक गुणकांनी करते, ते येथे प्रत्येक माणसापुरते वेगळे मापून होते.

मी कागद घेऊन तीन उदाहरणे सोडविली. सरांनी पाहिले असते तर त्यांना धक्का बसला असता. दोन खेळाडू घ्या, दोघांचे मानांकन १५०० आणि दोघांचा संशयांक ५०. जिंकणाऱ्याला सुमारे ७ गुण मिळतात, हरणाऱ्याचे सुमारे ७ जातात. आता जिंकणाऱ्याचा संशयांक २०० करा. तो एकदम ८६ गुणांनी चढतो; हरणाऱ्याचे मात्र केवळ ६ जातात. आणि जिंकणारा अगदी नवखा, संशयांक ३५० चा असेल, तर तो १७५ गुणांनी वर जातो आणि हरणारा ५ गुणांनी खाली येतो. हरणाऱ्याचे नुकसान कमी कमी होत जाते, हे पाहण्यासारखे आहे. त्यालाही न्याय आहे: ज्याच्या बळाविषयी आपल्याला काही माहीत नाही, त्याच्याकडून हरण्याने आपल्याविषयीही फारसे काही सिद्ध होत नाही. अनोळखी माणसाच्या साक्षीला न्यायालय जेवढे वजन देईल तेवढेच येथे दिले जाते.

प्रत्येक डावानंतर संशयांक थोडा उतरतो. ३५० चा नवखा वरच्या एका डावाने २४८ वर येतो. म्हणून प्रारंभीचे हेलकावे दहा-वीस डावांत शांत होतात. लिचेसवर तर संशयांक ११० च्या वर असेपर्यंत मानांकनापुढे एक लहानसे प्रश्नचिन्ह छापतात. नवागताला ते अपमानास्पद वाटते. मला ते फार प्रामाणिक वाटले. कोणत्या गुणपत्रिकेवर आपण असे प्रश्नचिन्ह छापतो?

आणि आता ग्लिकमन यांच्या पद्धतीतला तो भाग, ज्यासाठी मी हा विषय आज येथे आणला. एखादा खेळाडू बरेच दिवस खेळलाच नाही तर काय होते? त्याचे मानांकन आहे तेथेच राहते, एक गुणही जात नाही. पण संशयांक वाढू लागतो. न खेळता बसलेल्या माणसाविषयी दिवसेंदिवस कमी ठाऊक होत जाते, आणि पद्धत तसे लिहून ठेवते. आकडा जपून ठेवता येतो. त्यावरचा विश्वास जपून ठेवता येत नाही. काही महिन्यांनी ते प्रश्नचिन्ह परत उगवते.

हे वाचले त्या रात्री मला आपल्या प्रयोगशाळेच्या दाराशेजारची फळी आठवली.

येथल्या जुन्या मंडळींनाही ती आठवत असेल. लाकडी फळी, तीवर एकाखाली एक बारा खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर पुठ्ठ्याची चिठ्ठी, तीवर नाव. सर तिला शिडी म्हणत. खालच्याने वरच्याला आव्हान द्यायचे. जिंकला तर चिठ्ठ्यांची अदलाबदल. मानांकनाची ही सगळ्यांत जुनी आणि सोपी तऱ्हा. १९६५ साली मी दहावीत असताना पहिल्या खिळ्यावर माझे नाव होते. दुसऱ्यावर आठवीतला एक मुलगा आला. वडील रेल्वेत नोकरीला, मुलगा अबोल, घोडा असा खेळायचा की आपल्या पटावर तो कोठून अवतरला हे कळत नसे. तिसऱ्या खिळ्यावरच्या मुलाशी त्याचे डाव मी पाहिले होते. त्याने मला आव्हान दिले, आणि मी म्हणालो, आज डोके दुखते. पुढच्या आठवड्यात निबंधस्पर्धा होती. मग सहामाही परीक्षा. मग गणेशोत्सवातले नाटक, ज्यात मला दोन वाक्ये होती. असे संपूर्ण वर्ष मी काढले. तो दर शनिवारी येऊन विचारी आणि मान हलवून परत जाई.

सरांनी मला एका शब्दाने टोकले नाही. एके दिवशी शाळेत आलो तर प्रत्येक चिठ्ठीवर नावाखाली शिसपेन्सिलीने एक तारीख लिहिलेली दिसली: त्या मुलाने शेवटचा डाव कधी खेळला त्याची. दर शनिवारी सगळ्यांच्या तारखा बदलत. माझ्या नावाखाली जुलै महिन्यातली एक तारीख होती, ती दिवाळीतही तीच होती आणि संक्रांतीतही तीच. पहिल्या खिळ्यावरून मला कोणी हलविले नाही. ग्लिकमन यांच्या आधी तीस वर्षे, समीकरणाशिवाय, आमच्या सरांनी संशयांक छापला होता. तो वाचता मला यायला मात्र साठ वर्षे लागली. एप्रिलात त्या मुलाच्या वडिलांची रतलामला बदली झाली. आमचा डाव राहिला तो राहिलाच.

माझी नात गेले पाच महिने एकही स्पर्धा खेळलेली नाही. शेवटच्या स्पर्धेनंतर तिचे मानांकन १७४२ झाले. वर्गात, नातेवाइकांत, सगळीकडे तो आकडा सांगून झाला आहे. पुढच्या स्पर्धेचा अर्ज मी आणून दिला तेव्हा ती म्हणाली, ‘‘आत्ता नको आजोबा, घसरेल.’’ फिडेच्या यादीत संशयांक छापत नाहीत. तेथे तो १७४२ महिनोन्‌महिने तसाच कोरा करकरीत दिसत राहील. मी तिला उपदेश केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

या व्याख्यानाच्या तयारीसाठी मात्र मला शाळेच्या कपाटात सरांची ती वही पाहावयास मिळाली. त्यांच्या सुबक अक्षरांत त्या वर्षीचा प्रत्येक डाव नोंदलेला आहे. त्या रेल्वेवाल्याच्या मुलाचा आणि माझा डाव अर्थातच त्यात नाही. पण तिसऱ्या खिळ्यावरच्या मुलाशी मी जुलैपर्यंत दहा डाव खेळलो होतो आणि सहा गुण मिळविले होते. तोही त्याच मुलाशी दहा डाव खेळला होता. त्याचे गुण आठ. एलोंच्या पद्धतीचे खरे सामर्थ्य येथे आहे: जे दोघे एकमेकांशी कधी बसलेच नाहीत, त्यांनाही ती तिसऱ्याच्या मार्फत एका मापावर आणते.

नातीला शेजारी बसवून मी हिशेब मांडला. दहांत सहा म्हणजे तिसऱ्यापेक्षा मी सुमारे ७० गुणांनी वर. दहांत आठ म्हणजे तो सुमारे २४० ने वर. आम्हा दोघांत फरक १७० चा, त्याच्या बाजूने. दहा-दहा डावांवरून काढलेले अनुमान कच्चेच, हे मी तिला सांगितले. ग्लिकमन यांनी त्यापुढे भले मोठे प्रश्नचिन्ह काढले असते. तरी १७० च्या फरकाला माझ्याकडून अपेक्षा निघते ०.२७ ची. पहिल्या खिळ्यावरचे नाव त्याचे हवे होते, हे साठ वर्षांनी माझ्याच हातांनी कागदावर उतरले.

तिने कागद आपल्याकडे ओढला, आकडे पुन्हा एकदा तपासले आणि म्हणाली, ‘‘पण आजोबा, ०.२७ म्हणजे चार डावांत एक गुण तुम्हांला मिळालाच असता की!’’